आलू-पालकात मसाला वाढवण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या वेळी हसू आलं, दुसऱ्या वेळी माझेच जुने दिवस आठवले. पर्वरीला नोकरीसाठी एकटे राहता, रात्री आलू-पालक करता, अर्धा जेवता आणि अर्धा दुसऱ्या दिवशी डब्याला नेता. भाजी काळपट होते, खाली हिरवं पाणी साचतं, बटाटा एकतर विरघळून जातो नाहीतर मध्ये कच्चा राहतो, आणि दोन चमचे मसाला घालूनही चव मिळमिळीत. म्हणून कोणता मसाला वापरू आणि किती वाढवू, असं विचारलंत. पणजीच्या हॉटेलात हीच भाजी हिरवीगार कशी येते, हेही विचारलंत.

तुमच्याएवढा माझा मुलगा आहे, म्हणून हक्काने सांगते: मसाल्याचा डबा आधी बंद करा. फोंड्याला मी २२ वर्षं डबे करते आणि आलू-पालक आठवड्यातून एकदा तरी होतोच. सोमवारी आणि श्रावणात शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्यांचा तर तो हक्काचा. इतक्या वर्षांत ही भाजी मसाल्यामुळे बिघडलेली मी फार कमी वेळा पाहिली. ती बिघडते पाण्यामुळे आणि वेळेमुळे. पालकाला तीन-चार मिनिटं लागतात, बटाट्याला पंधरा. दोघांना एकाच वेळी एकाच कढईत घालून वर झाकण ठेवलं, की बटाटा शिजेपर्यंत पालकाचं शेवाळ होतं. पालक वाचवायला गॅस लवकर बंद केला, तर बटाटा दाताखाली कचकचतो.

आमच्या घरात या भाजीला बटाटा-पालकच म्हणायचे, ‘आलू’ आला हॉटेलच्या मेनूकार्डावरून. आणि पालेभाजीत पिठूळ काहीतरी घालायचं हे गोव्याला नवीन नाही. उन्हाळ्यात तांबड्या भाजीत, म्हणजे लाल माठात, फणसाच्या बिया पडतात, त्या आमच्याकडे आधी वेगळ्या उकडून, सोलून, थोड्या ठेचून घेतात. कच्च्या बिया भाजीत टाकून दोन्ही एकत्र शिजण्याची वाट कोणी बघत नाही. बटाट्याच्या बाबतीत मात्र आपल्याला वाटतं, हा काय, शिजेल आपोआप.

मीही तसंच समजत होते. डबे सुरू केले त्या पहिल्या वर्षी एका कारखान्यातून ६० डब्यांची ऑर्डर आली. मोठ्या टोपात कांदा-टोमॅटो परतला, त्यात कच्च्या फोडी टाकल्या, टोमॅटो भरपूर, वर झाकण. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, फोडी टणकच. मी पाणी वाढवत गेले. शेवटी घाईत पालक घातला, पुन्हा झाकण, आणि टोप तसाच टेम्पोत चढवला. दुपारी डबे परत आले तेव्हा एका डब्यात चिठ्ठी होती: ‘बाई, उद्या शेवाळ नको.’ ती चिठ्ठी मी बरीच वर्षं फ्रीजवर लावून ठेवली होती.

त्या दिवशी काय झालं ते मला पुढे कळलं. बटाट्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, ते पेक्टिन सैल झालं की बटाटा मऊ होतो. आंबट पाण्यात ते सैल व्हायला फार वेळ लागतो. म्हणून टोमॅटो, चिंच, सोलं (आमसुलं) यांपैकी काहीही घातलेल्या रसात कच्चा बटाटा टाकला की तो हट्टाला पेटतो. तुमच्या फोडी मध्ये कच्च्या राहतात त्याचं एक कारण हे असणार, कारण तुम्ही लिहिलंय की दोन टोमॅटो घालता. दुसरं कारण, फोडी लहान-मोठ्या असतील. लहान विरघळतात तोवर मोठ्या शिजत असतात. एकाच भाजीत दोन्ही तक्रारी असल्या की आधी सुरीकडे बघायचं.

रंगाचंही तसंच. पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल दोन्ही मिळाली की ते निसटतं आणि हिरव्याचा मळकट शेवाळी होतो. आम्ल बाहेरून टोमॅटोचं येतं आणि पालकाचं स्वतःचंही असतं. कढई उघडी असली तर त्यातलं थोडं वाफेबरोबर उडून जातं, झाकण असलं की तीच वाफ थेंब होऊन परत पानांवर पडते. म्हणून पालकावर झाकण नाही. कढई लोखंडाची असेल तर पालक आणखी काळवंडतो, माझ्या सासूबाईंच्या कढईत तो शाईसारखा व्हायचा. खाऊन काही होत नाही, पण तुम्हाला हिरवा हवाय तर स्टील किंवा नॉनस्टिक घ्या. काही जण चिमूटभर सोडा टाकतात. रंग राहतो हे खरं, पण पानांचा लगदा होतो आणि जिभेवर साबणासारखं काहीतरी रेंगाळतं. माझ्या स्वयंपाकघरात पालेभाजीत सोडा पडत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. आपल्याकडे पालक बहुतेक बेळगावकडून येतो. थंडीत तो ताजा, टणक, मातीचा वास असलेला मिळतो. पावसाळ्यात घाट उतरून येईपर्यंत ओला होऊन जुडीच्या पोटात सडायला लागलेला असतो. वरून हिरवीगार दिसणारी जुडी सोडवून बघा, मधली पानं चिकट असली तर परत ठेवा. अशी जुडी आली तर त्या दिवशी मी पालक करतच नाही, चवळी किंवा मूग करते. पानाचा आकारही बघायचा. लहान कोवळ्या पानाला दोन मिनिटं पुरतात, तळहाताएवढ्या जाड पानाला चार, आणि त्याचे देठ वेगळे बारीक चिरून आधी परतावे लागतात. पालकाच्या जागी तांबडी भाजी चालेल का, असं मला बरेच जण विचारतात. चालते, चव चांगली लागते, फक्त बटाटे गुलाबी होतात. मायाळू मात्र नको, तो बुळबुळीत होतो.

बटाटाही सगळा सारखा नसतो. नव्या बटाट्याची साल अंगठ्याने निघते, तो फोड धरून ठेवतो. जुना, कोरडा बटाटा पिठूळ, तो वड्याला छान, इथे लवकर फुटतो. बाजारात जो मिळेल तो घ्यावा लागतो हे मान्य, पण मग उकडताना दोन मिनिटं कमी करायची. कच्चे बटाटे फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते, मग परतताना फोडी झटकन लाल होतात आणि गोडसर लागतात. हिरवी झाक आलेला भाग जाड कापून टाकायचा. बटाटा सगळाच हिरवा असेल तर सरळ फेकायचा, तिथे काटकसर नको.

दोन माणसांच्या एका जेवणाचं, म्हणजे तुमच्या रात्रीचं आणि डब्याचं प्रमाण असं धरा: तीन मध्यम बटाटे, साधारण ३०० ग्रॅम, आणि निवडून ३०० ग्रॅम भरेल इतका पालक. म्हणजे दोन जुड्या, बारीक असल्या तर तीन. ढीग बघून घाबरू नका. पालकात शंभरातले नव्वद भाग पाणी असतं, शिजल्यावर वाटीभर उरतो.

बटाटे सोलून सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, सगळ्या एकसारख्या फोडी करा. थंड पाण्यात घाला, त्यातच चमचाभर मीठ आणि चिमूट हळद, मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकलेली फोड बाहेरून फुटते आणि आत कच्ची राहते. थंड पाण्यापासून सुरू केलं की आत-बाहेर बरोबर शिजतं. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटांनी सुरीचं टोक घालून बघा. टोक सहज आत गेलं पाहिजे, पण सुरी उचलल्यावर फोड लगेच घसरून पडली नाही पाहिजे. ही परीक्षा मी हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. मग चाळणीत निथळून ताटात पसरा आणि दहा मिनिटं विसरून जा. वाफ निघून जाते, फोड वरून कोरडी होते, आतलं पीठ घट्ट बसतं. हीच फोड मसाला धरते. ओली, गरम फोड तेलात टाकली तर मसाला तिच्यावरून सरकतो आणि कढईच्या तळाला जाऊन जळतो. तुमच्या भाजीला मसाला लागत नाही याचं मोठं कारण हे. कुकरच्या फंदात पडू नका, एका शिट्टीत फोडींचं पिठलं होतं. कुकर वापरायचाच तर बटाटे अख्खे, सालीसकट उकडा आणि पूर्ण गार झाल्यावर चिरा.

पालक धुण्याबद्दल एकच सांगते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवा, हलवा आणि पानं वर उचलून घ्या. पाणी पानांसकट चाळणीत ओतलं तर खाली बसलेली वाळू पुन्हा पानांवरच येते. तीन पाणी लागतात, पावसात चार. मग पानं निथळू द्या. घाईत असाल तर स्वच्छ पंचावर पसरून टिपा. इथे पाच मिनिटं घालवलीत तर कढईत पाव वाटी पाणी कमी सुटतं.

आता हॉटेलचं गुपित. त्यांच्याकडे पालक सकाळीच उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून, पिळून, वाटून ठेवलेला असतो. बटाटे वेगळे उकडलेले किंवा तळलेले असतात. मसाला तिसऱ्या भांड्यात. तुमची ऑर्डर आली की तिन्ही पाच मिनिटांत एकत्र होतात, वर लोणी किंवा साय. पालक गॅसवर राहतो तो जेमतेम तीन मिनिटं, म्हणून हिरवा. त्यांनाही वेगळं काही येत नाही, ते फक्त तिघांना वेगळं ठेवतात. तुम्हाला तशी दाट रश्श्याची भाजी हवी असेल तर घरी असंच करा, पण सगळा पालक वाटू नका. अर्धा वाटा, अर्धा चिरा. सगळा वाटलेला पालक मला लहान मुलांच्या पेजेसारखा लागतो. उकळून घेण्याचा आणखी एक फायदा: पालक खाल्ल्यावर दातांवर खरखरीत थर बसतो ना, तो ऑक्झॅलिक आम्लाचा. त्यातलं बरंच त्या उकळत्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी रश्श्याला वापरू नका.

डब्यासाठी मात्र मी सुकी, अंगाबरोबर रस असलेली भाजीच करते. पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा. जिरं तडतडलं की हिंग, मग सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण कडेने सोनेरी व्हायला लागली की बारीक चिरलेला कांदा आणि किसलेलं आलं. कांद्याला घाई नको, आठ-दहा मिनिटं द्या. मग अर्धाच टोमॅटो, तो पूर्ण गळेपर्यंत. आता कोरडे मसाले: एक चमचा धनेपूड, अर्धा चमचा जिरेपूड, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट. ते पडताच दोन चमचे पाणी शिंपडा. कोरडे मसाले तापलेल्या तेलात अर्ध्या मिनिटात करपतात आणि कडवट होतात. घाबरून लगेच बाकीचं घातलं तर ते कच्चे राहतात. पाण्याने त्यांना शिजायला वेळ मिळतो. कडेने तेल सुटलं, नाकाला झोंबणारा कच्चा वास जाऊन खमंग वास आला, की मसाला झाला. तुम्ही दोन चमचे तयार मसाला पालकावर वरून घालता, तो तेलाला भेटतच नाही, पाण्यात भिजतो. मग चव मिळमिळीत लागणारच, चार चमचे घातलेत तरी.

शिवराकच्या दिवशी काही घरांत कांदा-लसूण नसते. तेव्हा हिंग दुप्पट, जिरं थोडं जास्त, आलं-हिरवी मिरची ठेचून, आणि टोमॅटो तेवढाच. तीही भाजी छान होते, मला तर कधी कधी जास्त आवडते.

मसाला झाला की आधी बटाटे. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, चमच्याने ढवळण्याऐवजी कढई हलवत. फोडींना तांबूस कड आली पाहिजे. मग चिरलेला पालक तीन हप्त्यांत घाला. पहिला बसला की दुसरा. सगळा एकदम टाकला तर कढई गार पडते आणि पालक परतला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो. आच मोठी, झाकण नाही. शेवटचा हप्ता पडल्यापासून तीन मिनिटं. घरगुती शेगडीची छोटी ज्योत असेल तर हप्ते चार करा. पाणी तरीही दिसलं तर भाजी कडेला सारा, मधल्या मोकळ्या जागेत पाणी येऊ द्या आणि ते तिथेच आटवा.

मीठ सगळ्यात शेवटी, पालक बसल्यावर. हा नियम सासूबाईंचा. पालेभाजीचा ढीग बघून हात सैल सुटतो, आणि ढिगाची वाटी झाली की तेच मीठ चौपट लागतं. शिवाय मीठ आधी पडलं की पानं लगेच पाणी सोडतात. बटाट्याच्या पाण्यात आपण मीठ घातलंय हेही लक्षात ठेवा, म्हणजे इथे अर्धा चमचासुद्धा पुष्कळ होतो. गॅस बंद केल्यावर चिमूट गरम मसाला, हातावर चुरडलेली कसुरी मेथी. लिंबू ताटात पिळा, कढईत नको.

नारळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गोव्यात राहताय म्हणजे शेजारची कोणीतरी मूठभर खोबरं घालायला सांगेलच. लगेच जेवणार असाल तर जरूर घाला, छान लागतं, आणि मग टोमॅटो वगळा. डब्यात मात्र नको. आपल्या दमट हवेत ओलं खोबरं दुपारपर्यंत आंबतं. मी डब्याच्या कुठल्याही सुक्या भाजीत मार्च ते जून खोबरं घालत नाही, लोक कितीही कुरकुरले तरी.

आता तुमच्या दुसऱ्या दिवसाचं. रात्री झालेली भाजी सकाळी परत तापवली की पालक दुसऱ्यांदा शिजतो, म्हणून दुपारी तो काळा दिसतो. यावर उपाय सोपा आहे, मी टेम्पोवाल्या प्रकरणानंतर तोच करत आले. रात्री मसाला आणि बटाटे सगळे तयार करा, तुमच्या जेवणापुरता भाग वेगळ्या कढईत घेऊन त्यात निम्मा पालक घाला. उरलेला मसाला-बटाटा गार करून फ्रीजमध्ये, निम्मा पालक धुऊन, कोरडा करून, पंचात गुंडाळून वेगळा. सकाळी बटाटे चांगले सणसणीत गरम करा, पालक चिरून घाला, तीन मिनिटं. चहा उकळेपर्यंत होतं. डब्याचं झाकण लगेच लावू नका, वाफ जाऊ द्या, नाहीतर तेच पाणी परत भाजीत.

आणि सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो त्याच्याकडून चार पोया, म्हणजे आतून पोकळ गोल पाव, घेऊन ठेवा. पोई एका कडेने उघडून आत ही भाजी दाबून भरलीत तर चपात्या लाटायची कटकट वाचते. फक्त ती सुकीच असू दे. पहिल्या दिवशी रश्श्याची भरलीत तर ऑफिसच्या बॅगेला काय होईल, ते मी माझ्या मुलाच्या बॅगेवरून सांगू शकते.